सर्पदंशावरचा एक दिवसाचा सीएमई, सांगली: दुपार पैसे वसूल, सकाळ जांभया

पलूस साइडला आमचं छोटं नर्सिंग होम आहे. ऊसपट्टा असल्यामुळं साप चावलेले पेशंट येतातच, पावसाळ्यात जास्त आणि मग ऊसतोड सुरू झाली की परत. म्हणून विश्रामबागला एका हॉलमध्ये झालेला हा सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं ज्ञान ताजं ठेवायचा कोर्स, केला, मी आणि आमच्या दोन सिस्टर. फी डॉक्टरला अडीच हजार, नर्सिंग स्टाफला हजार.

आता सीएमईला आपण कशाला जातो ते सगळ्यांना माहितीय. मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, मग सही ठोकायची, एखादं लेक्चर ऐकल्यासारखं करायचं, जेवण हाणायचं आणि संध्याकाळच्या ओपीडीला परत. आयोजकांनाही तेच बरं पडतं, स्पीकर पुण्याचा, स्लाइड गेल्या वर्षीच्या, सगळे खूश. ह्या लोकांनी मात्र आधी व्हॉट्सअपवर एक फॉर्म पाठवला होता आणि त्यातले प्रश्न बघून मला जरा बरं वाटलं. मागच्या सीझनला कुठल्या सापाच्या केस जास्त आल्या, एएसव्हीच्या (सापाच्या विषावरचं औषध) किती कुप्या ठेवता, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) कुठल्या कपाटात आहे, रात्री दोन वाजता पेशंट पाठवायचा झाला तर व्हेंटिलेटर किती किलोमीटरवर. म्हणजे कोर्स बनवणाऱ्याला समोर कोण बसणार आहे ते माहिती पायजे एवढी साधी गोष्ट, पण करतंय कोण.

सकाळचं सेशन सोडून द्या खरं तर. विषातले प्रोटीन, एन्झाइम, सगळं इंग्लिशमध्ये आणि स्लाइड वाचून दाखवणं. आकडे तेवढे कामाचे होते, म्हणजे देशात २००० ते २०१९ मध्ये सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू असा अभ्यास आहे आणि २०२४ ला केंद्रानं २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचा प्लॅन काढलाय. ते दोन मिनिटांत सांगून झालं असतं. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचा विषय निघाला आणि त्यावर अर्धा तास गेला, सांगलीत साप म्हटलं की हे होणारच.

दुपारी मात्र गाडी रुळावर आली. छोटे ग्रुप, मराठीत, हातानं करायचं. पहिलं टेबल २० मिनिटांच्या क्लॉटिंग टेस्टचं, म्हणजे रक्त गोठतंय का ते बघायचं. २ मिली रक्त, नवी कोरडी काचेची ट्यूब, २० मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच आडवी करायची, रक्त वाहिलं तर घोणस-फुरशाचं विष भिनलंय असं धरायचं. वाचलेलं सगळ्यांनीच असतं. पण त्यांनी शेजारी एक प्लॅस्टिकची ट्यूब आणि एक साबणानं धुतलेली काचेची ट्यूब ठेवली होती, तेच रक्त, आणि त्या दोन्हीत नीट गोठलंच नाही, म्हणजे विष नसतानाही भिनलंय असं वाटणार. तालुक्यातल्या किती ठिकाणी ट्यूबा धुऊन परत वापरतात ते मी सांगायला नको. आमच्या सिस्टरांनी तिथंच मला बजावलं, सर, काचेच्या नव्या ट्यूबा मागवा आधी.

दुसरं टेबल एएसव्हीचं. पावडरची कुपी १० मिलीमध्ये विरघळवायची, खळाखळा हलवायची नाही, फेस होतो, हळू गोल फिरवायची. दहा कुप्या अशा करायला किती वेळ जातो ते घड्याळ लावून दाखवलं, त्यामुळं एक माणूस फक्त त्यालाच लागतो हे डोक्यात बसलं. लहान पोराला डोस कमी नाही, साप काय पोरगं बघून विष कमी सोडत नाही. आणि टेस्ट डोस (आधी थोडंसं औषध देऊन रिॲक्शन येते का बघणं) बंद, त्याचा उपयोग नाही, त्यापेक्षा रिॲक्शन आलीच तर द्यायला ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवा, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीत. इथं एका सीनियर सरांनी वाद घातला की आम्ही वीस वर्षं टेस्ट डोस देतोय, तर शिकवणाऱ्या मॅडमनी अजिबात न चिडता ॲनाफिलॅक्सिसची (जीवघेण्या रिॲक्शनची) केस त्यांच्याच हातात दिली, करा म्हणाल्या, बीपी पडतंय. सर गप कामाला लागले. असं शिकवता आलं पायजे राव.

सगळ्यात भारी रेफरलचं टेबल. मण्यारची केस, खोपीत जमिनीवर झोपलेला ऊसतोड कामगार, पहाटे पोटात दुखतंय, दंशाची खूण दिसत नाही, पापण्या पडायला लागल्यात. एक जण नातेवाईक झालेला, तो ओरडतोय की आम्ही मांत्रिकाकडं नेतो. तुम्ही त्याला समजवायचं, मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लावायचा, चिठ्ठीवर किती वाजता किती कुप्या दिल्या ते लिहायचं आणि ॲम्ब्युलन्समध्ये अंबू बॅग कोण दाबत जाणार त्याचं नाव ठरवायचं. नर्सेस इथं डॉक्टरांपेक्षा सरस ठरल्या, आणि सकाळभर त्यातल्या एकीनंही तोंड उघडलं नव्हतं.

आता तक्रारी. एक, सिस्टरांना नुसतं सहभागाचं सर्टिफिकेट मिळालं. डॉक्टरांच्या पॉइंटची मान्यता घेतली आणि नर्सिंग कौन्सिलची घेतलीच नाही, त्यामुळं त्यांचा दिवस रिन्युअलला धरणार नाहीत. फी घेताना हे सांगायला पायजे होतं, माहितीपत्रकात तर मोठ्या अक्षरात 'क्रेडिट पॉइंट' लिहिलेलं. दोन, एका टेबलाला माणसं फार, मागच्यांना बघण्यावरच समाधान. तीन, पोस्ट-टेस्ट लगेच चार वाजता घेतली, तेव्हा सगळ्यांना सगळं येतंच की. सीपीआरसारखी हातातली कामं तीन ते सहा महिन्यांत विसरायला होतात, तेव्हा परत बोलवा, नाहीतर निदान व्हिडिओ कॉलवर एक केस द्या. मी फीडबॅक फॉर्मवर हे लिहिलंय, 'नोंद घेतली' असा मेसेज आला, बघू.

जेवण ठीक, भाकरी गार. पार्किंग नाहीच, गाडी लांब लावावी लागते.

५ पैकी ४. डॉक्टर असाल तर जा, शक्यतो आपल्या सिस्टरना घेऊनच जा कारण रात्री कुप्या त्याच भरणार आहेत, पण आधी फोन करून नर्सिंगच्या पॉइंटचं लेखी विचारून घ्या. पुढची बॅच पावसाळ्याआधी साताऱ्यात घेणार म्हणालेत.