क्यूआर कोड स्कॅन केला तर माझं नाव येतं, हिरव्या टिकसकट

मी रबाळे एमआयडीसीत एका प्लेटिंगच्या कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बघते. बी.एस्सी. केमिस्ट्री, अकरा वर्षांची नोकरी. भांडुपहून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर, हा रोजचा रस्ता. क्रोमच्या पाण्याचं विष आधी सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून उतरवायचं, मग चुन्याने गाळ बसवायचा, फिल्टर प्रेसमधून निघालेला गाळ पोत्यांत भरायचा आणि गाडी आली की फॉर्म १०, म्हणजे मॅनिफेस्ट (गाळासोबत जाणारी वाहतुकीची चिठ्ठी), भरून तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा. हा गाळ ९० दिवसांच्या वर आवारात ठेवता येत नाही, म्हणून तारखांवर नजर माझीच. ३० जूनच्या आत फॉर्म ४, म्हणजे घातक कचऱ्याचा वार्षिक हिशेब, ३० सप्टेंबरच्या आत फॉर्म ५, म्हणजे पर्यावरण अहवाल, तेही मीच भरते. हे एवढं सांगायचं कारण, कागद तपासणं हेच माझं पोट आहे. वजनकाट्याची चिठ्ठी आणि मॅनिफेस्ट जुळलं नाही तर मी गाडी गेटबाहेर सोडत नाही. त्याच मला एका कागदापायी २४,५०० रुपयांना गंडवलं.

फोन दुपारी आला. मुलगा अगदी गोड बोलणारा, पहिल्या दोन वाक्यांत मॅडम आणि तिसऱ्यात ताई. "ताई, तुमचं युनिट रेड कॅटेगरीत ना? पुढच्या वर्षीपासून एमपीसीबी प्रत्येक रेड युनिटला आयएसओ १४००१ चा लीड ऑडिटर सक्तीचा करतंय." रेड म्हणजे सगळ्यांत प्रदूषणकारी वर्ग, एमपीसीबी म्हणजे राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक, आणि ते पाळलं जातंय का हे तपासणाऱ्यांचा प्रमुख तो लीड ऑडिटर. त्याचाच कोर्स हा मुलगा विकत होता. असा आदेश कुठे आहे, हे मी विचारलं नाही. आमचं कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची मंडळाची परवानगी, माझ्याच कपाटात असतं, त्यातल्या अटी मला जवळजवळ पाठ आहेत आणि त्यांत असलं काही नाही. पण खरं सांगायचं तर मी कोर्सला गेले ती सक्तीच्या भीतीने नाही. मोठ्या कंपन्यांच्या ईएचएसच्या (पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा विभागाच्या) नोकरीच्या जाहिरातींत "१४००१ लीड ऑडिटर असल्यास प्राधान्य" हे वाक्य मी तीन वर्षं वाचत होते. त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

डोळे झाकून पैसे दिले, असंही नाही. मी तपासलं. काय तपासलं ते मात्र आता लिहितानाही लाज वाटते. संस्था सरकारमान्य आहे का विचारलं, तर त्याने एक प्रमाणपत्र पाठवलं, वर भारत सरकारच्या मंत्रालयाचं नाव. ते निघालं उद्यम नोंदणीचं. ती ऑनलाइन होते, फुकट होते आणि स्वतःच स्वतःबद्दल घोषणा करून होते. उद्या मी मसाले विकायला बसले तर मलाही मिळेल. त्याचा शिकवण्याच्या दर्जाशी काडीचा संबंध नाही. मग मी विचारलं, सर्टिफिकेट खरं की खोटं हे कंपनी कसं ओळखणार? तो म्हणाला, "ताई, क्यूआर आहे ना!" नमुन्याचा कोड स्कॅन केला, पान उघडलं, विद्यार्थ्याचं नाव आणि हिरवी टिक. पान कोणाच्या वेबसाइटचं आहे ते वरच लिहिलेलं होतं: त्यांच्याच. चोराला विचारायचं, बाबा रे तू चोर आहेस का, तसलाच प्रकार. शेवटी रिव्ह्यू वाचले. चार पूर्णांक आठ तारे. यूपीआय केलं. खातं संस्थेच्या नाही, कुणा माणसाच्या नावावर होतं, तेव्हा क्षणभर थबकले होते. "अकाउंट्सवाल्या सरांचं आहे" म्हणे. नवरा शेजारी चहा पीत होता, तो म्हणाला, एकदा शोरूममध्ये जाऊन बघ तरी. शिकवणीचं काय शोरूम असतं, असं मीच त्याला सुनावलं.

लीड ऑडिटरचा मान्यताप्राप्त कोर्स साधारण ४० तासांचा, म्हणजे पाच दिवसांचा असतो. त्यात ऑडिटचा सराव, मुलाखती, नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाशी न जुळणाऱ्या गोष्टी, लिहून काढणं आणि शेवटी परीक्षा. आमचे दोन दिवस अंधेरी पूर्वेला एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये झाले, उरलेले तीन "रेकॉर्डिंग बघा". आम्ही सव्वीस जण होतो. सर टाय लावून स्लाइड वाचत होते. आस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर, म्हणजे कुठल्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो त्याची नोंद, कसं भरायचं, असं मी विचारलं, तर "ते प्रॅक्टिकलमध्ये येईल". ते प्रॅक्टिकल आजतागायत आलेलं नाही. परीक्षा गूगल फॉर्मवर, तीस प्रश्न, आणि त्याची उत्तरं आदल्या रात्रीच ग्रुपवर पडलेली. मला ९३ टक्के. जेवणात पनीर मात्र चांगलं होतं, हे कबूल.

पितळ उघडं पडलं महाप्यात, एका मुलाखतीत. समोरच्या बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नेमायचा ते कुठल्या क्लॉजमध्ये? मी फाडकन सांगितलं, ४.४.१. आणि प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन? ४.५.३. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे २००४ चं आहे हो." २०१५ च्या आवृत्तीत तसा वेगळा प्रतिनिधी नेमायची अटच उरलेली नाही, प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन हे वेगळं कलम गेलं, त्याची जागा जोखीम आणि संधींच्या विचाराने घेतली. जुन्या आवृत्तीची मुदत २०१८ च्या सप्टेंबरातच संपली. माझ्या सर्टिफिकेटवर ठळक अक्षरात १४००१:२०१५ आणि डोक्यात भरलेलं सगळं २००४ चं. त्यांनी माझ्यासमोरच आयआरसीएच्या, म्हणजे ऑडिटरांच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, साइटवर मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादी काढली. आमची संस्था नव्हती. सर्टिफिकेटवर आयएसओचा लोगो होता, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथेच ओळखायचं. आयएसओ फक्त मानकं लिहिते, प्रमाणपत्र कुणालाच देत नाही आणि लोगोही वापरू देत नाही." मी तळोज्याच्या गाडीवाल्याला जशी नजर देते, तशी नजर त्या दिवशी माझ्या वाट्याला आली. फरक एवढाच, की बाईंनी पाणी विचारलं.

परतीच्या गाडीत त्या मुलाला फोन लावला. आधी "सर मीटिंगमध्ये आहेत", मग "रिफंड पॉलिसी नाही", मग नंबर ब्लॉक. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, पण पैसे जाऊन अडीच महिने झाले होते. असल्या तक्रारीत पहिले काही तासच कामाचे असतात, तेवढ्यात पैसे खात्यात गोठवता येतात. पोर्टलवर तक्रार टाकली, पोचपावती मिळाली. आता जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद जमवतेय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. स्लाइडचे फोटो, ग्रुपवरची उत्तरं, यूपीआयची पावती, सगळं जपून ठेवलंय.

हे लिहायला बसले ते मात्र वेगळ्याच कारणाने. गेल्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, तुमचा रिव्ह्यू वाचला, कोर्स करू का?" माझा रिव्ह्यू! कोर्सच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलच्या दारात त्यांनी फोन हातात घ्यायला लावले होते, पाच तारे आणि दोन ओळी टाकल्याशिवाय किट मिळणार नव्हतं. "एक्सलंट फॅकल्टी, व्हेरी प्रॅक्टिकल" असं मी लिहून बसले होते. मी ज्या चार पूर्णांक आठवर विश्वास ठेवला, ते तारेही बहुधा असेच दारात उभं राहून दिलेले.

त्या मुलीला सगळं सांगितलं. रिव्ह्यू बदलून एक तारा केला आणि घडलं ते लिहिलं. दोन दिवसांत खाली संस्थेचं उत्तर: "मॅडम, आमच्या रेकॉर्डमध्ये या नावाची कोणतीही विद्यार्थिनी नाही." क्यूआर अजून चालू आहे. आज सकाळीच स्कॅन केला. माझं नाव, ९३ टक्के, हिरवी टिक.