पलासियातील मूत्रपिंडविकार दवाखाना : ताटकळत ठेवतात, पण समजावतात नीट

वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) 1.1 वरून 1.9 वर गेल्यामुळे आम्ही इंदूरच्या रामबागेतून पलासियाच्या या दवाखान्यात गेलो. वेळ अकराची ठरलेली असूनही नंबर दीड वाजता लागला आणि बाहेर पंखा एकच. वृद्ध रुग्णांच्या दृष्टीने हे अक्षम्य आहे. मात्र आत गेल्यावर डॉक्टरांनी केसपेपर उलटा करून मागे केशवाहिन्यांचा एक पुंजका, म्हणजे मूत्रपिंडातली गाळणी, काढला, त्यात येणारी आणि जाणारी अशा दोन धमनिका दाखवल्या, आणि दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला सुमारे 1 लिटर रक्त वाहत असताना अडचणीच्या वेळी शरीरातच तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य येणारी वाट रुंद ठेवते, तर अँजिओटेन्सिन-2 हे दुसरे द्रव्य प्रामुख्याने जाणारी वाट आवळून गाळणीतला दाब टिकवते, हे शांतपणे उलगडून सांगितले. गुडघ्यासाठी वडील रोज घेत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने पहिली सोय बंद पाडली होती, रक्तदाबाच्या रॅमिप्रिलने दुसरी; त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि इंदूरचा मे महिना, म्हणजे शरीरातले पाणी आणखी कमी. डायक्लोफेनॅक त्यांनी तत्काळ थांबवले. रॅमिप्रिल मात्र स्वतःच्या मनाने सोडू नका, असे बजावले. फी 800 रुपये, पावती मागून घ्यावी लागते. दहा दिवसांनंतरच्या तपासणीत आकडा 1.3 आला.