नवी पेठेतील अतिशीत अणूंची व्याख्यानमाला : एक अभिप्राय

सोलापूरच्या नवी पेठेतील एका खासगी शिकवणीवर्गाने पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी अतिशीत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेल्या, अणूंच्या पुंज (क्वांटम) सिद्धांतावर मराठीतून व्याख्यानमाला घेतली. नेट-सेटच्या तयारीपलीकडचा विषय वाजवी शुल्कात शिकायला मिळणे ही सोलापुरात अपूर्वाईच आहे.

मालेची गुंफण इन्सब्रुक विद्यापीठाचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ पीटर झोलर यांच्या कारकिर्दीभोवती केली आहे आणि ती निवड अचूक वाटली. 1924 सालचे सत्येंद्रनाथ बोस यांचे प्रकाशकणांच्या सांख्यिकीवरील काम आणि 1995 साली अमेरिकेतील बोल्डर येथे रुबिडियमच्या अणूंत साधलेले बोस-आइन्स्टाइन संघनन (असंख्य अणू एकाच पुंज अवस्थेत येणे) पहिल्याच तासात उरकले, ते बरे झाले. एवढे पाठ्यपुस्तकांतही सापडते. खरा रंग भरला तो झोलर यांच्या 1998 च्या शोधनिबंधाला. समोरासमोरून येणाऱ्या लेसर किरणांच्या स्थिर तरंगांत, म्हणजे खळग्यांच्या प्रकाशीय जालकात, अणू अडकवून लेसरची तीव्रता वाढवत नेली, तर खळगे खोल होऊन अणूंचे शेजारच्या खळग्यात जाणे दुरापास्त होते, एकाच खळग्यातील अणूंचे परस्पर प्रतिकर्षण वाढते आणि अणू जालकभर मोकळे पसरलेली अतिप्रवाही अवस्था जाऊन ते आपापल्या खळग्यात जखडलेली मॉट विसंवाहक अवस्था येते, असे झोलर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचे भाकीत होते. 2002 साली म्युनिकच्या प्रयोगात ते खरे ठरले. व्याख्यात्यांनी त्या प्रयोगाची चित्रे ओळीने दाखवली : आधी अणूंच्या तरंगांच्या व्यतिकरणाचे ठळक ठिपके, मग नुसता धूसर डाग, आणि तीव्रता उतरवताच पुन्हा ठिपके. अणू केवळ तापले असते, तर ठिपके परतले नसते, हा मुद्दा त्यांनी फार नेटकेपणाने पटवून दिला. बोल्डरच्या प्रयोगशाळेत 1991 ते 1994 या काळात काम केलेला हा सिद्धांतकार प्रयोगात काय मोजता येईल याचे भान ठेवून गणित का मांडतो, हे तिथे उमगले.

प्रकाशीय जालकाला दिलेली सोलापुरी चादरीच्या चौकड्यांची उपमा मात्र तोकडी पडली. चादरीला खळग्यांची खोली नसते आणि सगळा खेळ खोलीचाच आहे. संघननाचे वर्णन करणारे ग्रॉस-पिटाएव्हस्की समीकरण सिद्धतेशिवाय फळ्यावर आले, ही मोठी उणीव. ध्वनिक्षेपकाच्या खरखरीने मागच्या बाकांवरील श्रोते वैतागले, ते वेगळेच.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पुढील तुकडीत जरूर नाव नोंदवावे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सांख्यिकीय भौतिकी शिकून होईपर्यंत थांबलेले बरे.