एचयूडी, जगातली वस्तू की मनगटावरचा मेनू: गेममधली माहिती कुठे ठेवाल?

प्लेयर गेममध्ये गुंगून जावा म्हणून पहिली कुऱ्हाड बहुतेक वेळा एचयूडीवर, म्हणजे खेळताना स्क्रीनवर कायम दिसणाऱ्या माहितीच्या थरावर पडते. हेल्थ बार, गोळ्यांचा आकडा, नकाशा, सगळं स्क्रीनवरून हटवलं जातं. ही घाई महागात पडते. पट्टी दिसते म्हणून तंद्री मोडत नाही. हवी ती माहिती हवी तेव्हा सापडली नाही की मोडते. मग प्लेयर शत्रूचा विचार सोडून ‘कुठलं बटण होतं?’ याचा विचार करत बसतो. म्हणून प्रत्येक माहितीला दोन प्रश्न विचारा: ती किती वेळा लागते, आणि दोन सेकंद उशिरा कळली तर काय बिघडतं?

सपाट स्क्रीनवर

एचयूडीची खरी ताकद तिच्या ठरलेल्या जागेत आहे. पट्टी डाव्या कोपऱ्यात आहे हे एकदा अंगवळणी पडलं, की नजर न हलवताही ती लाल झाल्याचं जाणवतं. शिवाय ती बनवायला स्वस्त, भाषांतराला सोपी, आणि रंगांधळेपणा असलेल्यांसाठी रंग बदलणंही सहज जमतं. अडचण होते ती गर्दीची. त्यावर उपाय म्हणजे माहिती गरजेपुरती दाखवणं. हेल्थ पूर्ण असेल तर चारेक सेकंदांनी पट्टी विरू द्या, विरायला अर्धा ते एक सेकंद घेऊ द्या. पण मार बसला की ०.१ सेकंदाच्या आत ती परत आली पाहिजे. येताना आणि जाताना एकच वेग ठेवला, तर नेमकी गरज असते तेव्हाच पट्टी अर्धवट पुसट असते. अक्षरांच्या आकारात काटकसर करू नका. एक्सबॉक्सच्या सुलभतेच्या सूचनांनुसार १०८०पी रिझोल्यूशनला टीव्हीवर किमान २६ पिक्सेल आणि पीसीवर १८ पिक्सेल हवेत.

दुसरा पर्याय डायजेटिक इंटरफेसचा, म्हणजे माहिती गेमच्या जगातल्याच वस्तूवर ठेवण्याचा. २००८ च्या ‘डेड स्पेस’मध्ये नायकाची हेल्थ त्याच्या सूटच्या पाठीच्या कण्यावर दिसते आणि गोळ्यांचा आकडा बंदुकीजवळच्या होलोग्रामवर. याची नक्कल पुष्कळदा होते, पण ते का जमलं हे पाहिलं जात नाही. कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे असल्यामुळे पाठ स्क्रीनवर जवळपास त्याच जागी आणि जवळपास त्याच आकारात राहते. परिणामाच्या दृष्टीने ती एचयूडीच आहे, फक्त कपड्यात शिवलेली. तुमचा कॅमेरा मोकळा फिरत असेल किंवा गेम फर्स्ट पर्सन (नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा) असेल, तर पाठीवरच्या पट्टीचा उपयोग नाही.

फर्स्ट पर्सनमध्ये घड्याळ किंवा हातातला नकाशा येतो. ‘मेट्रो २०३३’मध्ये गॅस मास्कच्या फिल्टरची उरलेली वेळ मनगटी घड्याळावर दिसते, आणि ते पटतं, कारण फिल्टर सावकाश संपतो. हात वर यायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. मिनिटातून एकदा पाहायचं असेल तर त्यातूनच ताण तयार होतो. दर पाच सेकंदांनी पाहायचं असेल तर तीच हालचाल शिक्षा वाटू लागते.

डायजेटिक आकडे बिघडतात ते बहुधा रेंडरिंगमध्ये, म्हणजे चित्र स्क्रीनवर काढलं जाताना. अंधारात दिसावेत म्हणून मटेरियलचं एमिशन (स्वतःचा उजेड) वाढवलं की ब्लूम, म्हणजे उजळ भागांभोवती पसरणारी चमक, त्यांना खाऊन टाकतो. टीएएमुळे (आधीच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करण्याच्या तंत्रामुळे) हलत्या बंदुकीवरच्या आकड्यांमागे सावली उमटते, आणि नेम धरताना डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसबाहेरचं पुसट करणारा परिणाम, बंदूक धूसर करतो. म्हणून शक्य तिथे आकडे पोस्ट-प्रोसेसिंगनंतरच्या, म्हणजे हे सगळे परिणाम लावून झाल्यानंतरच्या, वेगळ्या टप्प्यात काढा. तेही नको असेल, तर आकड्याऐवजी जाड रेघांचे पाच-सहा तुकडे वापरा. ते धूसर झाले तरी मोजता येतात.

व्हीआर हेडसेटमध्ये

व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून आभासी जगात वावरताना, हिशेबच बदलतो. डोक्याला चिकटवलेली एचयूडी व्हीआरमध्ये टाळाच. कोपऱ्यातला आकडा वाचायला मान वळवली की आकडाही तितकाच पुढे पळतो. मग डोळे ताणून लेन्सच्या कडेने वाचावं लागतं, आणि तिथेच चित्र सर्वात अस्पष्ट असतं. त्यात पट्टी २ मीटर अंतरावर काढलेली आणि समोरची भिंत अर्ध्या मीटरवर असेल, तर पट्टी भिंतीच्या पलीकडे असूनही भिंतीवरून दिसते. दोन डोळ्यांना मिळणारे संकेत जुळत नाहीत आणि डोकं दुखायला लागतं.

वाचण्यासारखा मजकूर असेल तर जगात तरंगणारं पॅनेल बरं. ते १ ते ३ मीटरवर, नजरेच्या रेषेपेक्षा थोडं खाली ठेवा. मान सुमारे ३० अंश वळेपर्यंत ते जागचं हलू नये. त्यानंतर अर्ध्या सेकंदात सरकत समोर यावं. फॉन्टचा अंदाज सोपा आहे: १ मीटरवर साधारण २४ मिमी, २ मीटरवर ४८. देवनागरीला याहून थोडं जास्त द्या आणि ओळींमधलं अंतरही वाढवा, कारण रफार आणि उकार यांची टक्कर होते. युनिटी या गेम इंजिनात काम करत असाल तर हे पहिल्याच दिवशी तपासा: त्यातलं अक्षरं दाखवणारं साधन, टेक्स्टमेश प्रो, देवनागरीची जुळणी करत नाही. ‘किल्ला’ लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘ल्ल’ तुटतं. अनरील या दुसऱ्या इंजिनाच्या यूएमजी या इंटरफेस-साधनात अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ लायब्ररी असल्यामुळे ही अडचण येत नाही.

झटपट पाहायच्या गोष्टींसाठी हात उत्तम. ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’मध्ये (२०२०) हेल्थ हातमोज्यावर दिसते, गोळ्यांची मोजदाद बंदुकीवर असते, आणि नवी मॅगझिन काढायला खांद्यामागे हात न्यावा लागतो. तिथे पाठपिशवी दिसायची गरजच पडत नाही, हाताला जागा ठाऊक झालेली असते.

मनगटावरचा मेनू मात्र जपून करा. तळहात डोळ्यांकडे वळल्याचा कोन ३५ अंशांच्या आत आला की तो उघडा, पण ५० अंशांपलीकडे गेल्यावरच बंद करा. दोन्हीला एकच कोन ठेवला तर हात जरा थरथरला की मेनू लुकलुकतो. बटणं किमान अडीच सेंटीमीटरची, मध्ये एक सेंटीमीटर मोकळं. हवेत बोटाला अडवणारं काही नसतं, त्यामुळे दाबल्याचा आवाज आणि कंट्रोलर असेल तर कंपन हवंच. हँड ट्रॅकिंगमध्ये (कंट्रोलरऐवजी हेडसेटचे कॅमेरे हात टिपतात तेव्हा) एका हाताने दुसरा झाकला गेला की कॅमेऱ्याला बोटं दिसेनाशी होतात. म्हणून बटणं मनगटावरच न ठेवता कडेला पाच-सहा सेंटीमीटर सरकवा. आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागणारं काम, म्हणजे सेटिंग्ज किंवा लांबलचक यादी, तिथे ठेवूच नका. हात भरून येतो.

मग काय निवडाल?

वेगवान सपाट गेम असेल तर हेल्थ आणि गोळ्या एचयूडीवर, बाकी सगळं विरणारं. संथ, भीतीच्या किंवा शोधाच्या गेममध्ये डायजेटिक, पण स्क्रीनवर साधे आकडे दाखवण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये ठेवून. नजर कमी असलेल्या प्लेयरला घड्याळाची काटेकोर नक्षी वाचता येत नाही. व्हीआरमध्ये अवजारांवर आकडे, मजकूर पॅनेलवर, मनगटाच्या मेनूत चारच बटणं.

मॉडेल बनवण्याआधी करड्या ठोकळ्यांवर साधे आकडे लावून नव्या माणसाला खेळायला द्या आणि ऐन चकमकीत विचारा, “गोळ्या किती उरल्यात?” उत्तराला सेकंदाहून जास्त वेळ लागला, तर त्या आकड्याची जागा बदला आणि पुन्हा, वेगळ्या माणसाला, विचारा.