ट्रायम्फ टीआर६ चं इंटिरियर नवं केलं, काही महिने वापरलं: अनुभव

टीआर६, म्हणजे ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. माझ्या टीआर६ च्या आतलं सगळं काम नवं करून झालं, आणि त्यानंतर गाडी उन्हात, पावसात, लांबच्या पल्ल्यावर मनसोक्त फिरवली. काम संपल्या संपल्या फोटो सगळ्यांचेच छान येतात, म्हणून तेव्हा मुद्दाम काही लिहिलं नाही. उघड्या गाडीच्या सीटवर कडक ऊन आणि दोन-चार सरी पडू द्याव्यात, मग बोलावं. आता खात्रीने सांगतो, जे डोळ्यांना दिसतं त्याच्यापेक्षा त्याच्या खाली जे दडलेलं असतं, तिथे घातलेला पैसा आणि वेळ जास्त कामी आला.

सीटचंच घ्या. या गाडीच्या बैठकीत स्प्रिंगा नसतात. लोखंडी चौकटीत रबराचा एक पडदा तारेच्या हुकांनी ताणून बसवलेला असतो आणि बसणाऱ्याचा सगळा भार तोच पेलतो. वयाबरोबर हे रबर कडक होतं, हुकांपाशी फाटतं आणि माणूस हळूहळू खाली बसायला लागतो. अनेकांना वाटतं फोम चेपला, म्हणून ते वर जाड फोम भरून घेतात. मग सीट फुगते, मांड्या स्टिअरिंगला घासतात आणि खालचा पडदा फाटका तो फाटकाच राहतो. माझ्या ड्रायव्हर सीटचा जुना फोम उचलला तेव्हा एका बाजूचे हुक नुसते लोंबत होते आणि रबराला भेगा पडून त्याचा भुगा खाली साचला होता. चौकटीचा गंज काढून रंग दिला, नवा पडदा ताणला, हुकांनी फोम कुरतडू नये म्हणून मध्ये गोणपाट घातलं आणि वर घनमीटरला ४५ ते ५० किलो घनतेचा हाय-रेझिलियन्स (दाबला तरी लगेच मूळ आकारात येणारा) फोम मूळ जाडीचाच कापून बसवला. इतक्या वापरानंतरही बैठक जराही दबलेली नाही. दिवसभर गाडी चालवून उतरलं तरी कंबर कुरकुरत नाही.

लेदर की विनाइल (म्हणजे रेक्झिनसारखं प्लॅस्टिकचं आवरण), हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. बहुतेक टीआर६ कारखान्यातून विनाइलच्या सीट घेऊनच बाहेर पडल्या आणि मीही विनाइलच ठेवलं. उघड्या गाडीत लेदर फार जपावं लागतं. उन्हाने ते वाळतं आणि भिजून सुकलं की आखडतं. पण विनाइलमध्येही फरक असतो. मूळ कव्हरवरच्या रेघा शिवलेल्या नव्हत्या, उष्णतेने दाबून उठवलेल्या होत्या. बाजारातल्या पुष्कळ कव्हरवर त्या रेघा शिवलेल्या असतात. लांबून सारखंच दिसतं, मात्र प्रत्येक टाक्याच्या भोकातून पाणी थेट फोममध्ये उतरतं. मी दाबलेल्या रेघांचं कव्हर घेतलं. अचानक आलेल्या सरीत गाडी चांगली भिजली, तेव्हा कापडाने पुसली आणि काम झालं. कव्हर चढवताना फोमवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळावं आणि विनाइल उन्हात किंवा हेअर ड्रायरने गरम करून घ्यावं. थंड विनाइल ओढलं तर कोपऱ्यांत सुरकुत्या राहतात आणि त्या पुढे कधीच जात नाहीत.

दारांच्या पॅडबद्दल, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला लावायच्या विनाइल चढवलेल्या हार्डबोर्डबद्दल, तक्रार आहे. तयार किटमधल्या पॅडला क्लिपची भोकं थोडी सरकलेली होती, ती नव्याने पाडावी लागली. त्याहून वाईट म्हणजे ज्या दारावर ऊन जास्त येतं, तिथली दुमडलेली कडा पहिल्याच उन्हाळ्यात सुटली. विकणाऱ्याने चिकटवायला साधं सोल्युशन वापरलं होतं. बंद गाडीत ऊन तापलं की असलं सोल्युशन मऊ पडतं आणि ताणलेलं विनाइल आपोआप मागे सरकतं. उष्णता सहन करणारं कॉन्टॅक्ट अढेसिव्ह दोन्ही बाजूंना ब्रशने लावून, हाताला चिकटेनासं झाल्यावर दाबून बसवलं. तेव्हापासून कडा हललेली नाही.

पॅडच्या मागचा प्लॅस्टिकचा पडदा मात्र किटमध्ये नव्हताच, आणि तो अत्यावश्यक आहे. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, खालच्या भोकांतून ते बाहेर पडणं अपेक्षित असतं. पडदा नसेल तर हार्डबोर्ड ओल पितो आणि फुगून वाकडा होतो. भोकं बुजलेली असतील तर दारही आतून सडतं.

सगळ्यात जास्त सुख दिलं ते गिअरबॉक्सवरच्या कव्हरने. टीआर६ चा गिअरबॉक्स गाडीच्या आतूनच बाहेर काढतात, म्हणून त्याच्यावरचं कव्हर सुटं असतं आणि मूळचं ते दाबलेल्या फायबरबोर्डचं होतं. ओल, तेल आणि वारंवार काढणं-घालणं यांनी त्याच्या कडा झिजतात, बोल्टची भोकं मोठी होतात आणि इंजिनाची धग, वास, आवाज सगळं पायांपाशी येतं. मी प्लॅस्टिकचं नवं कव्हर बसवलं, कडेने फोमची पट्टी लावली आणि आतून उष्णतारोधक थर दिला. पाय भाजणं थांबलंच, शिवाय आवाजही इतका उतरला की शेजारच्याशी साध्या सुरात बोलता येतं. तिथला गालिचा चिकटवू नये, टिचबटणांवर ठेवावा. पुढे कधी क्लचच्या कामासाठी हे कव्हर काढायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

गालिच्याखाली जुन्या पद्धतीचा तागाचा नमदा मी घातला नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि पत्रा वरून कोरडा वाटत असताना खालून गंजतो. बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही. पावसानंतर गालिचे काढून बघितले तेव्हा पत्रा स्वच्छ होता.

डॅशबोर्ड तयार घेतला. प्लायवूडवर अक्रोडाचं विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), वर मॅट, म्हणजे बिनचमकीचं, लॅकर. मूळ गाडीतही ते मॅटच होतं. चकचकीत पॉलिश दिसायला भारी वाटतं, पण उघड्या गाडीत ऊन त्याच्यावरून परावर्तित होऊन थेट डोळ्यांवर येतं, म्हणून मॅटच घ्या. रंग अजून उडालेला नाही. एका स्विचच्या भोकाची आतली कड मात्र बनवणाऱ्याने लॅकर न लावता कोरीच सोडली होती आणि तिथून विनियरला केसाएवढी चीर गेली आहे. आता सगळी भोकं आतून सील केली आहेत, चीर पुढे सरकलेली नाही. डॅश बसवण्याआधी हे तपासलं तर मीटर पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

सुरुवातीचे काही आठवडे विंडस्क्रीनच्या आतल्या बाजूला तेलकट धूसर थर यायचा. नव्या विनाइलमधली प्लॅस्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारी रसायनं, उष्णतेने उडून काचेवर बसतात. रात्री समोरचे दिवे त्यावर पसरतात, त्यामुळे काच रोज पुसावी लागली. आता तो थर येणं जवळजवळ बंद झालं आहे. विनाइलला मी सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढंच लावतो, चमक आणणारे सिलिकॉन स्प्रे अजिबात नाही.

किट मागवताना फक्त "टीआर६" म्हणून मागवू नका, गाडीचा कमिशन नंबर, म्हणजे कारखान्याने प्रत्येक गाडीला दिलेला क्रमांक, द्या. त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून गाडी कधीची ते कळतं: सीपी आणि सीसी या आधीच्या गाड्या, सीआर आणि सीएफ १९७३ मॉडेलपासूनच्या, आणि दोहोंच्या आतल्या ट्रिममध्ये फरक आहेत. सीटची कव्हरं मागवण्याआधी आपल्या सीटला हेडरेस्टची भोकं आहेत का, तेही बघून घ्या.