मुंबई-अबुधाबी-बॉस्टन: एका एसटीवाल्याचा रिव्ह्यू

आधी स्टार सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच. ऑक्टोबर २०२४ मध्ये एतिहाद या अबुधाबीच्या विमान कंपनीने मुंबई ते बॉस्टन व्हाया अबुधाबी गेलो, मी आणि आमची मिसेस. त्याआधी आमचा विमानप्रवास म्हणजे एकदा पुणे-दिल्ली, तोसुद्धा दोन तासांचा आणि तेवढ्यातही हिने माझा हात सोडला नव्हता. बॉस्टनला लेकीची डिलिव्हरी नोव्हेंबरात होती त्यामुळे जायचं तर होतंच, प्रश्न एवढाच की कुठल्या विमानाने आणि कुठून.

मी एसटीत कंट्रोलर होतो. सातारा स्टँडवर माईकवर ओरडणारा असतो ना, तो मी. कोल्हापूरची गाडी लेट झाली म्हणून पुढची महाबळेश्वरची चुकली, आता काय करू, असं विचारणारी माणसं रोज खिडकीशी यायची आणि त्यातल्या निम्म्यांना कुणीतरी सांगितलेलं असायचं की अर्धा तास भरपूर झाला. त्यामुळे तिकीट बघताना लोक जे आधी बघतात, म्हणजे भाडं, जेवण, समोरचा टीव्ही, ते मी सगळ्यात शेवटी बघितलं. आधी बघितलं की गाडी कुठे बदलायची आणि बदलताना आपल्याला काय काय करावं लागणार. घोळ जो होतो तो बदलायच्या ठिकाणी होतो, गाडीत बसल्यावर कुणाचा होत नाही.

मुंबईहून बॉस्टनला थेट विमान नाही. लुफ्तान्सा फ्रँकफर्टवरून नेते, ब्रिटिश एअरवेज लंडनवरून, टर्किश इस्तंबूलवरून, एमिरेट्स दुबईवरून, कतार दोहावरून. जावई म्हणाले बाबा एअर इंडियाने न्यूयॉर्कपर्यंत डायरेक्ट या, पुढे तासाभराचं डोमेस्टिक आहे, भाषेचाही प्रश्न नाही. ऐकायला छान वाटलं. पण खोदून विचारल्यावर कळलं की अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतरता तिथेच इमिग्रेशन, तिथेच पट्ट्यावरून सगळ्या बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या, मुंबईत बॅगेला बॉस्टनचा टॅग लावला असला तरीही. म्हणजे पंधरा-सोळा तास बसून सुजलेल्या पायांनी चार बॅगा ओढत दुसरं टर्मिनल शोधायचं, तेही रांगेला किती वेळ लागेल याचा भरवसा नसताना. हिचे गुडघे बघता ते बाद.

मग एका बुकिंग साईटवर (नाव लिहीत नाही) माणशी अकरा हजारांनी स्वस्त तिकीट दिसलं, फ्रँकफर्टवरून, आणि मी जवळजवळ पैसे भरले होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं सेल्फ ट्रान्सफर. लेकीला स्क्रीनशॉट पाठवला तर तिचा लगेच फोन, बाबा हात लावू नका त्याला. ती दोन वेगवेगळी तिकिटं होती, दोन वेगळ्या कंपन्यांची, साईटने नुसती शेजारी शेजारी चिकटवलेली. एका पीएनआरवर असेल तर बॅग परस्पर पुढे जाते आणि पहिलं विमान लेट होऊन पुढचं चुकलं तर दुसऱ्यात बसवायची जबाबदारी कंपनीची. वेगळी तिकिटं असली की ती जबाबदारी कुणाचीच नाही, दुसरं तिकीट सरळ बुडालं. त्यात अजून गंमत म्हणजे अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर आपल्याला फ्रँकफर्टला आतल्या आत विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, पण बॅग घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे जर्मनीत प्रवेश आला आणि त्याला शेंगेन व्हिसा पाहिजे! साईटवर याचा एक शब्द नाही. आमच्याकडे विनातिकीट पकडला तरी निदान समोर माणूस असायचा भांडायला.

अबुधाबी ठरलं ते एकाच कारणावरून. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसायच्या आधीच होतं. २०१४ पासून ही सोय आहे, आखाती देशांत फक्त अबुधाबीला, युरोपात आयर्लंडमध्ये डब्लिन आणि शॅननला आहे. अमेरिकेचेच ऑफिसर तिथे बसलेले असतात, बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न सगळं तिथेच, आणि पलीकडे उतरलात की डोमेस्टिक पॅसेंजरसारखे सरळ बाहेर. माझा हिशोब असा की जी धाकधूक आहे ती वाटेत उरकून टाकावी, चौदा तास पोटात घेऊन बसू नये. शिवाय तिथवर मुंबईहून सव्वातीन तासांचाच प्रवास, म्हणजे माणूस अजून शुद्धीवर असतो, काय विचारलं ते कळतं.

फक्त एक, ही सोय घ्यायची तर मधला वेळ जास्त ठेवा. दोन तासांचं कनेक्शनही दिसतं, ते आमच्यासारख्यांनी घेऊ नये. तिथे अमेरिकेच्या नियमाने सिक्युरिटी परत होते, मुंबईत झाली म्हणून सुटत नाही, आणि मग इमिग्रेशनची रांग. आम्ही पावणेचार तासांचं घेतलं होतं, त्यातला दीड तास यातच गेला. नवीन टर्मिनल आहे, २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं, पाट्या मोठ्या आहेत, पण चालणं आहे. हिच्यासाठी व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगितली होती, त्याचे पैसे लागत नाहीत. आधी ही तयारच नव्हती, म्हणे मी काय म्हातारी आहे का, आणि परत येताना खुर्ची यायला दोन मिनिटं उशीर झाला तर हीच मला म्हणाली, जरा बघा ना कुठे राहिला तो!

ऑफिसरने तीनच प्रश्न विचारले. कुणाकडे, किती दिवस, खायचं काय आणलंय. तिसऱ्यावर मी पाठ करून ठेवल्याप्रमाणे सगळं सांगून टाकलं. लोणचं, गोडा मसाला, भाजणी, डिंकाचे लाडू. लपवायचं नाही, सांगितलं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. कंदी पेढे दुधाचे म्हणून लेकीने आधीच काढायला लावले होते, सातारहून जातोय आणि पेढे नाहीत, शेजाऱ्यांना हे अजून पटलेलं नाही. भाजणी, मसाला चेक-इनच्या बॅगेतच टाका, अमेरिकेच्या विमानात केबिनमध्ये साडेतीनशे मिलीपेक्षा जास्त पावडर असली की उघडून बघतात. आणि सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या चेक-इनला चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे पेट घेते म्हणून आपल्याकडेच मनाई आहे, तेव्हा किसून लाडवात घाला. माणशी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या, घरच्या काट्यावर दोनदा मोजून नेल्या.

आता विमान. बॉस्टनला ७८७ आहे, तीन-तीन-तीन सीटांचं. काचेला शटर नाही, बटण दाबलं की काच काळी होते, मी ते पाच-सहा वेळा करून बघितलं. या विमानात आतला हवेचा दाब जुन्या विमानांपेक्षा जरा बरा ठेवतात, त्यामुळे कान आणि डोकं कमी धरतं असं जावई म्हणाले, माझं डोकं खरंच धरलं नाही. पण दोघांनी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तीनच्या रांगेत तिसरा माणूस अनोळखी असणारच. खिडकीचा मोह सोडा, एक आईल म्हणजे चालायच्या वाटेकडची आणि शेजारची मधली घ्या, दर दोन तासांनी उठून चालता येतं. काही कंपन्या ए३३० विमान लावतात त्यात दोन-चार-दोन असतं, नवराबायकोला ते सगळ्यात बेस्ट, कुणाला ओलांडायला नको. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो कुणी बघत नाही. एसटीत निमआराम आहे की साधी ते बघूनच चढता ना?

जेवणाचा किस्सा सांगतो, चूक शंभर टक्के माझी. ही शाकाहारी. ऑनलाईन जेवण निवडायला गेलो तर यादीत हिंदू मील दिसलं, म्हटलं झालं काम. पहिल्याच ट्रेमध्ये चिकन. हिंदू मील म्हणजे फक्त बीफ नसलेलं, बाकी मांसाहारी असू शकतं! शाकाहारी पाहिजे तर एशियन व्हेजिटेरियन मील, कोड एव्हीएमएल, कांदालसूण चालत नसेल तर जैन मील, व्हीजेएमएल, आणि हे चोवीस तास आधी करावं लागतं. एअर होस्टेसने तोंड वाकडं न करता पनीरची डिश आणून दिली, पण हिने त्यानंतर माझ्याशी ग्रीनलंड येईपर्यंत बोलणं बंद ठेवलं होतं.

तो कापलेला स्टार. बॉस्टनच्या आठवड्यातनं चारच फेऱ्या होत्या. कंट्रोलरच्या नजरेला हे खुपतं. रोजची गाडी चुकली तर उद्या आहे, इथे एखादी रद्द झाली तर दोन दिवस मुक्काम किंवा दुसऱ्या गावावरून वळसा. दुबईवरून रोज आहे, त्यामुळे ज्यांना तारीख धरूनच पोचायचंय त्यांनी तोही विचार करावा, फक्त मग इमिग्रेशन पलीकडे. आणि आखाती रस्ता म्हणजे आमच्या आंबेनळी घाटासारखा, एरवी झकास पण बंद झाला की सगळंच ठप्प. २३ जून २०२५ ला कतारने आकाश बंद केलं तेव्हा दोह्याची विमानं कुठे कुठे वळवावी लागली ते टीव्हीवर बघत होतो. एअर इंडियाचंही पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये हवाई हद्द बंद केल्यापासून तेच झालं, दिल्लीहून अमेरिकेला लांबून जायची वेळ आली. म्हणून तिकीट काढताना बदलायची फी किती आहे ते वाचून ठेवा, आम्ही थोडे जास्त भरून बदलता येणारं घेतलं होतं.

उतरल्यावरचं सांगायचं राहिलं. लेकीने तिच्या मैत्रिणींच्या आईबाबांच्या अनुभवावरून हिशोब धरला होता की उतरल्यापासून दोन तास तरी लागतात, जावई त्या बेताने निघाले. आम्ही मात्र इमिग्रेशन नसल्यामुळे बॅगा घेऊन पंचवीस मिनिटांत बाहेर. फोनला रोमिंग मी घेतलं नव्हतं, म्हटलं कशाला, घ्यायला येणारच आहेत. मग काय, बॉस्टनच्या विमानतळावर दाराशी बाकावर बसलो आणि हिने पिशवीतनं साताऱ्याहून आणलेले धपाटे काढले.