ग्राफशाफ्टर गोल्डझाफ्ट: शर्कराकंदाचा आटवलेला रस

जर्मनीत राहणाऱ्या ज्या मराठी माणसाला काकवीची तलफ येते, त्याने मधाच्या बरण्यांशेजारी मांडलेला हा पिवळा डबा जरूर घ्यावा. बॉनजवळच्या मेकनहाइम गावातल्या, १८९३ पासून चालत आलेल्या कारखान्यात हे सिरप तयार होते आणि त्यात शर्कराकंदाच्या, म्हणजे शुगर बीटच्या, रसाखेरीज काहीही नसते. कंद धुऊन, चिरून, शिजवून दाबतात आणि निघालेला रस गाळून आटवतात.

चमच्यावरून याची काळपट तपकिरी धार सावकाश, न तुटता उतरते. जिभेवर आधी गोडी येते, मग किंचित खारट-कडवट छटा आणि शेवटी भाजलेल्या धान्यासारखा, थोडा मातकट स्वाद मागे राहतो. हा स्वाद समजून घ्यायचा तर कंदाकडेच वळावे लागते.

ताजा शर्कराकंद आडवा कापला, की पांढऱ्या गरात एकाबाहेर एक अशी वलये दिसतात. रोप लहान असतानाच मुळात कॅम्बियमचे, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या ऊतीचे, अनेक थर तयार होतात आणि पुढे ते जवळजवळ एकाच वेळी वाढत राहतात. पानांत तयार झालेले सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, या वलयांतल्या वाहिन्यांमधून खाली येते; म्हणून वलयांलगतच्या लहान पेशींत साखर अधिक साठते, तर दोन वलयांमधल्या मोठ्या, पाणीदार पेशींत ती कमी असते. कोवळ्या मुळात इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडून वाढीसाठी वापरायला देते. त्याचा जोर ओसरला, की साठवण खऱ्या अर्थाने सुरू होते. पेशीतल्या रिक्तिकेच्या, म्हणजे रस साठवणाऱ्या पिशवीच्या, पडद्यावरचे एक प्रथिन प्रोटॉन बाहेर सोडून त्यांच्या बदल्यात सुक्रोज आत घेते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. वनस्पतीने हा साठा दुसऱ्या वर्षीच्या फुलोऱ्यासाठी केलेला असतो. आपण तो पहिल्याच वर्षी, साखर वजनाच्या साधारण १६ ते २० टक्के असताना, काढून घेतो.

त्या रिक्तिकेत सुक्रोजबरोबर पोटॅशियम, सोडियम आणि अमिनो आम्लेही असतात. साखर कारखान्याला हे घटक नकोसे वाटतात, कारण त्यांच्यामुळे स्फटिक नीट बनत नाहीत आणि बरीच साखर मळीत निघून जाते; नत्रखत जास्त झाले तर पाने माजतात, साखर घटते आणि ही अडचण वाढते. सिरपमध्ये मात्र हे घटक तसेच राहतात आणि ती खारट-कडवट छटा माझ्या मते त्यांचीच देणगी आहे. जे सुक्रोज मुळाने इतके जपून अखंड ठेवले, त्यातले काही शिजताना ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते. त्यामुळेच डब्यात खडे धरत नाहीत.

पश्चिम जर्मनीतल्या ऱ्हाइनलँड भागात हे सिरप बटाट्याच्या तळलेल्या, कुरकुरीत धिरड्यांवर घालून खातात आणि ती जोडी खरोखर अप्रतिम आहे. गव्हाच्या गरम धिरड्यावर किंवा तूप लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ते तितकेच खुलते. चहात मात्र घालू नये, कारण त्याचा मातकटपणा चहाचा स्वाद पार झाकून टाकतो. तिळाच्या वड्यांसाठीही त्यावर विसंबू नये. गुळाच्या पाकासारखी पकड त्याला येत नाही आणि वड्या चिकट राहतात.